शाकारणी आधी नव्या बिऱ्हाडाची

आबा तांडेलांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी कोल्हापुराहून मोटारीने आंबा घाट उतरून, धुळीने माखून रत्नागिरीत पोचलो होतो. खिशात बदलीचा हुकूम होता आणि पायांत साताऱ्याला मुद्दाम शिवून घेतलेले नवे बूट. आबा त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये आत्ताच माळ्यावर टाका, भाऊसाहेब. आषाढात ह्यांच्यावर बुरशी येल, नि पाखाडीवर तुमी पडाल. दोनी गोष्टी एकदम नकोत."

पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरती गल्ली, हे मला ठाऊक नव्हतं. बूट मी माळ्यावर टाकले नाहीत. आषाढात त्यांच्यावर बुरशी आली आणि मी पडलोही. पण तोवर इतर इतकं काही घडून गेलं होतं की त्या पडण्याचं हसू कोणाला आलं नाही.

ही सन सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराची गोष्ट. गाव वाढत होतं. कचेऱ्या, कोर्ट, शाळा यांच्यापायी दर महिन्याला एखादं नवं बिऱ्हाड घाटावरून नाहीतर मुंबईहून येऊन पडे. आबांच्या नारळीच्या वाडीत दोन घरं होती. मोठ्यात ते एकटे राहत, आणि त्याला भिंतीला भिंत लागून असलेलं दोन खोल्यांचं घर नव्या माणसांना देत. आगबोट तेव्हा धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणावं लागे. अशा एका पडावाचे तांडेल, म्हणजे म्होरके, म्हणून आबांची चाळीस वर्षं गेली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी सुकाणू सोडलं, पण उतारू सांभाळण्याची सवय काही सुटली नाही. "पाण्यातनं आणला म्हंजे झालं नाय," ते म्हणत, "जमिनीवर टिकाया नको माणूस?"

मला टिकवण्याचं काम त्यांनी मनावर घेतलं. नारळाखाली गप्पा मारत उभं राहायचं नाही. विहिरीचा दोर रात्री बाहेर ठेवायचा नाही. सकाळी उठून चहाच्या मागे न लागता आधी पेज प्यायची. एका सुताराला मी फळी ठोकायला सांगितली होती. तो महिनाभर "बघू" म्हणत होता आणि मी महिनाभर त्याची वाट बघत होतो. शेवटी आबांना माझी दया आली. "बघू म्हंजे नाय, वो! रत्नांग्रीत तोंडावर नाय म्हणत नायत कोण. बघू म्हणला की दुसरा सुतार गाठा. येतो म्हणला तर दोन दिस थांबा. नि काय न बोलता उठून गेला, तर उद्या सकाळी दारात हजर." दुसरा सुतार काही न बोलता उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळी लागली.

चैत्र सरला तशी आगोट सुरू झाली. पावसाळ्याच्या बेगमीला इकडे आगोट म्हणतात. तांदूळ, मीठ, लाकूडफाटा, आमसुलं, काड्यापेट्या, सगळं आबांनी मला बोटावर मोजून सांगितलं आणि मी कचेरीतल्यासारखी यादी करून घेतली. बोट बंद झाली की चार महिने मुंबई बंद, हे त्यांनी चार वेळा बजावलं. आणि एक गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला हात धरून सांगत. "शेवटच्या बोटीच्या भरवशावर ऱ्हवायचं नाय. ती लागली तर लागली. दर्यानं तवर तोंड फिरवलेलं असतं. आपलं माणूस आणायचं ता आधीच्या बोटीनं आणायचं."

आगोटीतलं मोठं काम शाकारणीचं. घरावरची कौलं उतरवायची, वासे झाडायचे, फुटकी कौलं बदलायची आणि पुन्हा नीट बसवायची. आमच्या बाजूला हे काम करणारे दोनच गडी होते आणि वैशाखात त्यांना सगळीकडून ओढ. ते वाडीत आले की आबांचा एक नेम होता, आधी नव्या बिऱ्हाडाची शाकारणी आणि मग स्वतःची. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "जुन्या माणसाला ठाव असतं, खय गळतं नि खय भांडं मांडायचं. नवं माणूस पयल्याच पावसात गाव सोडाया बघतं."

मला ते फार सोयीचं होतं. माझी बायको चार महिन्यांची मुलगी घेऊन साताऱ्याहून यायची होती आणि तिला मी कोरडं घर कबूल करून बसलो होतो.

त्याच सुमारास एका सकाळी आबा माझ्याकडे पोस्टकार्ड घेऊन आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा म्हादू मुंबईला गिरणीत होता. खोकल्याने हैराण झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरने त्याला गावी जाऊन हवा बदलायला सांगितलं होतं. पुढच्या बोटीने येऊ का, असं त्याने विचारलं होतं. आबा ओटीवर बसले आणि मला मजकूर सांगू लागले. मी लिहीत गेलो. "चि. म्हादूस आशीर्वाद. घरावरची कौलं अजून काढायची आहेत. तुझ्या छातीला धूळ सोसायची नाही. शेजारी नवे भाऊसाहेब आले आहेत, त्यांचं आधी करतो, मग आपलं. घर झाकून होईल तेव्हा तू शेवटच्या बोटीने ये."

शेवटच्या बोटीने, हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले. ज्या माणसाने मला ती बोट धरू नका म्हणून बजावलं, तोच ते सांगत होता, आणि माझा टाक थांबला नाही. माझी शाकारणी मागे ठेवा, असं मी म्हणू शकलो असतो. माझ्या दोन खोल्यांपैकी एक म्हादूला आठ दिवस देता आली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. सुचलं होतं, आणि मी ते सुचू दिलं नाही, असंही असेल. आता मला खात्रीने सांगता येत नाही.

माझी शाकारणी पाच दिवसांत झाली. बायको आली, तिने वर बघितलं आणि घर छान आहे म्हणाली. मग आबांचं घर झालं. आबांनी जमीन सारवून घेतली, म्हादूच्या खाटेला नवी सुंभं ओढली.

शेवटच्या बोटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर गेलो. दुपारची वेळ होती. पाऊस नव्हता, पण वारा दक्षिणेकडून सुटला होता आणि पाणी मातकट झालं होतं. बोट आली, लांबवर थोडा वेळ उभी राहिली. एकही पडाव लाटांबाहेर जाऊ शकला नाही. बोटीने भोंगा दिला आणि ती गोव्याच्या दिशेने निघून गेली. आबांच्या खांद्यावर म्हादूसाठी आणलेली घोंगडी होती. त्यांना ती बोट दिसत होती की नाही, देव जाणे. त्यांनी मला विचारलं, "गेली काय?" मी गेली म्हणालो. "मग गोव्यास्नं परत मुंबयलाच नेतील त्याला," ते म्हणाले, आणि आम्ही घरी आलो. रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून पावसातला घाट, हा प्रवास म्हादूला झेपणार नव्हता.

अकराव्या दिवशी तार आली. माझ्या नावाने आली, कारण कार्डावर परतीचा पत्ता मीच माझा घातला होता. आबा पडवीत पावसाच्या बाजूला लावायला नारळाच्या झावळ्यांची झापं विणत बसले होते. मी तार वाचून दाखवली. म्हादू मुंबईला परत पोचला आणि चौथ्या दिवशी गेला. आबा "बरं" म्हणाले. त्यांचे हात थांबले नाहीत. हातातलं झाप पुरं झालं, तसं त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला झावळी घेतली.

मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच झालं. मी तारेची घडी घातली, कचेरीत गेलो आणि पाच वाजेपर्यंत काम केलं. बायको रडली. मला रडू यायचं होतं ते आलंच नाही, आणि अजूनही आलेलं नाही. आबांनी मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं. पुढेही ते नव्या माणसांना पाखाडी, विहीर, पेज, आगोट, सगळं पूर्वीसारखंच सांगत. शेवटच्या बोटीचं मात्र सांगेनासे झाले. मग ते मी सांगू लागलो.

दुसऱ्या वर्षी वैशाखात शाकारणीचे गडी वाडीत आले. मी त्या दिवशी रजा काढली होती. वर्षभर मनात घोळवलेलं एकच वाक्य घेऊन मी अंगणात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आबा, मी आता जुना झालो. या वर्षी तुमचं घर आधी होऊ द्या."

आबांनी गड्यांना माझ्या घराकडे हात केला. शिडी माझ्याच भिंतीला लागली.

"माज्याकडं कोण येवचं हाय, भाऊसाहेब?" ते म्हणाले. "तुमच्यात ल्हान पोर हाय."

माझं झाल्यावर त्यांनी गड्यांना परत पाठवून दिलं. स्वतःचं घर त्यांनी त्या वर्षी शाकारलंच नाही, आणि मी बदली होऊन जाईपर्यंत पुन्हा कधी शाकारलं नाही. त्या पावसाळ्यात आमच्याकडे एक थेंबही गळला नाही. मुलगी कोरड्या जमिनीवर धावायला शिकली. भिंतीपलीकडे आबांनी मांडलेल्या भांड्यांत पाणी पडत असे, आणि ते आम्हाला दिवसभर ऐकू येई.