फ्रॉकच्या खिशातला भोपळा

आमची मावशी साठीला आली आणि जपानी शिकायला लागली. नातेवाइकांनी म्हातारचळ म्हणून नावं ठेवली. मीही काही मागे नव्हते. मराठी पेपर उघडला की जिला डुलक्या येतात, ती जपानी काय शिकणार, असं तोंडावर म्हटलं.

मावशी कपडे आल्टर करून देते. पँटची उंची, कोटाची फिटिंग, बिघडलेल्या चेन. तिची एकुलती एक मुलगी, माझी ताई, लग्न करून जपानला गेली आणि मुलगा अगदी लहान असताना तिकडंच आजारी पडून वारली. जावयानं दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे, उगाच नावं कशाला ठेवा? दर रविवारी न चुकता पोराला फोनसमोर बसवते. पण पोराला जपानीशिवाय ओ की ठो येत नाही. आजी-नातू एकमेकांकडं बघून हसायचे, हात हलवायचे, संपलं.

"त्याला त्याची आई कशी होती, हे माझ्याशिवाय कोण सांगणार गं?" मावशी म्हणाली.

क्लासमध्ये बाईंनी शिकवलं: 'ताबेमास' म्हणजे खातो, 'ताबेमासेन' खात नाही, 'ताबेमाशिता' खाल्लं, 'ताबेमासेन देशिता' खाल्लं नाही. मावशी खूश. हे तर आपलंच काम, म्हणे; पँट तीच, खालची पट्टी तेवढी बदलायची. कापायच्या टेबलावर खडूनं लिहायची, मशीन चालवता चालवता घोकायची. एकदा तर गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरावरच 'खाल्लं नाही' लिहून बसली. तो बिचारा कोट उलटसुलट करून बघतोय. मेली जीभ वळता वळत नव्हती, पण तिनं जिवाचं रान केलं.

परवाच्या रविवारी फोन लागला, तेव्हा मी तिथंच होते. मावशीनं केस सारखे केले आणि आदल्या दिवशी मला मराठीत ऐकवलेलं एकेक शब्द जुळवत जपानीत सांगितलं, की तुझ्या आईनं लहानपणी भोपळा खाल्ला नाही. कधीच खाल्ला नाही. फ्रॉकच्या खिशात लपवला. तो खिसा मी शिवला होता.

पोरानं नीट ऐकलं. त्याला सगळं समजत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं विचारलं, आई आठवते का?

"ओबोएते इमासेन," तो अगदी अदबीनं म्हणाला.

अर्थ बघायला मी माझा मोबाइल काढला. मावशीनं हात धरला.

"राहू दे. आठवत नाही म्हणतोय."

तो हात हलवत होता. तिनंही हलवला. फोन बंद झाला तशी ती फडकं घेऊन टेबलावरचा खडू पुसायला लागली. सगळा गेला तरी पुसतच राहिली. मी आपली चहा टाकू का, असलं काहीतरी बडबडत होते.

"शिकले नसते ना," ती म्हणाली, "तर पोरगं 'आठवते' म्हणालं असं समजून आज मी जेवले असते."