खांदेमळणीच्या दिवशी चढलेला घाट

गंगाखेडच्या वेशीबाहेर आमची दमणी (दोन बैलांची हलकी, छपराची गाडी) पडली तेव्हा नुकतं फटफटत होतं. दक्षिणेला बालाघाटचे डोंगर ढगात अर्धे बुडाले होते. माझी सात वर्षांची लेक कुसुम छपराची कड धरून उभी राहिली आणि डोंगराला पायऱ्या असतात का म्हणून विचारू लागली. चार वर्षांच्या विनूला डोंगराचं काही नव्हतं. धपाट्यांची शिदोरी कधी सोडणार, एवढंच त्याला हवं होतं.

या प्रवासाचं पत्र मी तेव्हाच थोरल्या भावाला लिहिलं होतं. चांगली चार पानं. ओढे, रानफुलं, पोरांच्या गमती, सगळं त्यात होतं. घाट मात्र एका ओळीत उरकला होता : सायंकाळी घाट चढून मुक्कामी पोचलो. ओळ खरी होती. ती लिहिताना हात जराही अडखळला नाही, याची मला आज लाज वाटते. म्हणून हे पुन्हा लिहितो आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी गिरदावर होतो, म्हणजे गावोगाव हिंडून पिकांची नि शेतसाऱ्याची पाहणी करणारा. आम्ही दौऱ्यावर असलो की प्रत्येक गावानं पुढच्या गावापर्यंत बैल आणि हाकणारा माणूस फुकट द्यायचा, अशी वेठीची रीत होती. या खेपेला मी दौऱ्यावर नव्हतोच. आठ दिवसांची रुखसत (रजा) काढून पोरांना डोंगर दाखवायला, घाटमाथ्यावरच्या साडूच्या गावी निघालो होतो. दमणी माझी, बैल मात्र गावांचे. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सकाळ फार सुंदर गेली. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती. काळ्या रानात ज्वारी कमरेला लागली होती, बायका मुगाच्या शेंगा तोडत होत्या, आणि जसजसं पुढं जावं तसतशी काळी माती सरून मुरूम लागत होता. बांधाबांधानं तरवड पिवळा फुलला होता. सीताफळाच्या झुडपांना सुपारीएवढी फळं धरली होती. एका ओढ्याकाठी आम्ही शिदोरी सोडली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. विनू पाण्याशी खेळता खेळता बदकन बसला आणि त्याची मखमली टोपी वाहत चालली. हाकणारा गडी धोतर खोचून धावला, टोपी आणून दिली, आणि लगेच सूर्याकडं बघू लागला.

सकाळपासून तो हेच करत होता. दहा पावलं गेली की वर मान. बैलांना हाकत होता असं, की पाठीमागं कुणी लागलंय. मी दोनदा खडसावलं. तो "जी सायब" म्हणे आणि पुन्हा वर बघे. घाटाच्या पायथ्याचं गाव आलं तशी त्यानं जू सोडलं आणि पाण्याचा घोटही न घेता बैल घेऊन परत फिरला.

"त्याला बैल धुवायचेत," बायको म्हणाली. "आज खांदेमळण हाय की."

माझी बायको शेतकऱ्याची लेक आणि मीही काही परक्या मुलखातला नव्हतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुतात, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. एकदा खांदे मळले की पोळा होईतो त्यावर जू ठेवत नाहीत. हे मला काय, विनूएवढ्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या कचेरीत फसली (निजामी सरकारी सालाचे) महिने चालायचे. मेहेर महिना चालू आहे एवढं मला पक्कं माहीत होतं. श्रावणाची अमावास्या उद्यावर आलीय, हे डोक्यातून साफ गेलं होतं.

इथवर चूकच होती. पुढचं मात्र चूक म्हणून खपणार नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. उन्हं कलली होती. पाटील आला, घुटमळला, आणि आज चावडीत मुक्काम करावा म्हणाला. दूध, भाकरी, अंथरूण, सगळं पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, बैल कुणाच्या पाळीचे आहेत तेवढं सांग. त्यानं समोरच्या घराकडं बोट केलं.

अंगणात धुतलेली खिलारी जोडी उभी होती. चाळिशीचा एक शेतकरी पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळत होता आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्याची बायको हातात दिवा धरून उभी होती. कुसुम माझं बोट सोडून पुढं गेली आणि टक लावून बघत राहिली.

मी बैल मागितले. तो हात जोडून उभा राहिला. हाताला तूप तसंच होतं.

"सायब, खांदं मळलेत. बैलायला आवतण दिलंय. परवा म्हनाल तिथं पोचवतो."

बायको माझ्या मागून हळूच म्हणाली, "आवं, अर्धा कोस तर घाट हाय. चालत जाऊ. पोरं चालतील."

चालत! साडू वर घरी वाट बघत असणार. दमणीतून येणार म्हणून मीच त्याला निरोप धाडला होता. त्याच्यापुढं गिरदावर डोक्यावर बोचकं घेऊन जाणार? आणि इथं भोवती निम्मं गाव जमलेलं. माझी इज्जत तेवढ्या अंगणात अडकली होती. मी त्या माणसावर डाफरलो.

"बैलांचा खांदा मळलाय ना? मग तू लाव खांदा."

रागात माणूस बोलून जातो. पण त्या राज्यात आमच्या रागाचाही हुकूम होत असे, हे मला चांगलं माहीत होतं. त्या माणसानं मुंडासं सोडलं, घडी करून खांद्यावर ठेवलं आणि दमणीशी गेला. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूनं जुवाखाली गेला. दिवा कोनाड्यात ठेवून त्याची बायको मागून लावायला आली.

तेव्हा मी थांबवू शकलो असतो. एक शब्द पुरला असता. मी पोरांना उचलून दमणीत ठेवलं आणि स्वतः चढून बसलो.

बायको चढली नाही. तिनं पदर खोचला आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन मागून जोर लावू लागली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

घाट सुंदर होता. दोन्ही अंगांना हिरवे उतार, खाली गोदावरीच्या अंगाला पसरलेलं काळं रान, आणि पश्चिमेला तांबडं झालेलं आभाळ. हेच पोरांना दाखवायचं म्हणून मी निघालो होतो. पण पोरं तिकडं बघत नव्हती. समोर दोन माणसांच्या पाठी होत्या, घामानं निथळणाऱ्या. मुरमावरून पाय घसरला की जू एका बाजूला कलायचं आणि धाकटा गुडघ्यावर यायचा. तिसऱ्या वळणावर कुसुम न सांगता खाली उडी मारून उतरली. मग विनू रडायला लागला, आईकडं जायचं म्हणून. त्यालाही उतरवावं लागलं. थोडा वेळ मी एकटाच दमणीत बसून होतो. मग उतरलो. उतरलो तेव्हा घाट जवळजवळ संपला होता.

माथ्यावर, साडूच्या गावच्या वेशीशी, त्यांनी जू खाली ठेवलं. दोघंही धापा टाकत होते. थोरल्याच्या खांद्यावरचं मुंडासं सरकून कातडं सोलवटलं होतं. मी त्यांना पाणी तरी द्यायचं, पण मी दस्ती (रुमाल) काढून स्वतःचंच तोंड पुसत बसलो.

कुसुम आईच्या बोचक्यापाशी गेली. मावशीसाठी घेतलेली तुपाची बरणी तिनं उघडली, दोन बोटं बुडवली आणि त्या माणसापुढं जाऊन उभी राहिली. तिचा हात पुरेना. तो काय ते समजला आणि खाली बसला. पोरीनं त्याच्या सोललेल्या खांद्याला तूप चोळलं, मग धाकट्याच्या. अंगणात ऐकलं होतं तसंच, कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

हसावं असा तिचा सूर नव्हता, आणि कुणी हसलं नाही. त्या माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"येतो, माय," तो म्हणाला. मग तिघं घाट उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी साडूकडं पोळा झाला. साडूनं दमणीची तारीफ केली, ती मला गोड लागली नाही. कुसुम मात्र दोन पानं जास्त मांडायला लावून दुपारपर्यंत ओट्यावर बसून होती. घाट चढून बैल येत नाहीत आणि माणसंही येत नाहीत, तेव्हा तिला बळंच जेवायला बसवावं लागलं.

परत यायला तोच घाट जवळचा. मी बायकोला सांगितलं की घाटात दरड आलीय, आणि पालमवरून दीड दिवसाचा फेर घेतला. साडूचे बैल घेतले. बायकोनं दरडीबद्दल काही विचारलं नाही. तिला कळलं होतं. त्या अंगणासमोरून जायची माझी छाती झाली नाही, हे सरळ लिहितो. पालमच्या वाटेवरही रान चांगलं होतं म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही.

गंगाखेडला पोचलो तशी कुसुम धावत शेजारच्या काकूंकडं गेली. आमच्याकडं दोघंजण जेवायला आले होते का, असं तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, कुणीच आलं नाही. ती परत येऊन उंबऱ्यावर माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "बाबा, चुकलंच आपलं. आपण त्यांना आपलं घर सांगितलंच नाही."

मी मान हलवली. गिरदावराचं घर त्याला माहीत होतं, अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मीच त्याचं नाव विचारलं नव्हतं.