कमरोद्दीनचाचांचे फुटाणे

कमरोद्दीनचाचा बावीस वर्षं पर्यटकांना जीपमधून वेरूळ आणि गौताळ्याचं अभयारण्य दाखवतात. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, म्हणून शर्ट सांभाळायचं काम आपसूक चाचांकडं आलं. आजवर कुणाचं बटणसुद्धा हरवलं नाही, याचा त्यांना लई अभिमान.

परवा बायको निशाला घेऊन अभयसाहेब आले. लेणी बघून म्हणाले, "नुसते दगड!" जीप म्हणजे खटारा, चहा म्हणजे गटाराचं पाणी. चाचा बापाच्या वयाचे, तरी अरेतुरे सुटेना. वर दम दिला, "जंगलात जनावर दिसलं नाही, तर बघून घेईन तुला!"

देवळात जाताना शर्ट मात्र चाचांच्याच हातात दिला. चाचांनी इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःजवळचे मूठभर फुटाणे हळूच शर्टाच्या खिशात सोडले.

गौताळ्यात साहेब जीपमधून उतरायचाच अवकाश, झाडावरून एक दांडगं वानर थेट त्यांच्या छाताडावर आलं! साहेब पुतळ्यासारखे उभे आणि वानर खिशात हात घालून निवांत फुटाणे खातंय.

"हलू नका साहेब," चाचा अदबीनं म्हणाले. "जनावर बघायचं व्हतं ना? आता बघा पोटभर."

शहरात परतल्यावर निशानं चाचांना बाजूला घेतलं. "मी देवळातून आधी बाहेर आले होते. सगळं बघितलंय."

चाचांनी घाईघाईनं माफीसाठी हात जोडले.

"चाचा," ती हसू दाबत म्हणाली, "शर्टाला दोन खिसे होते."