बुरशीच निघाली!

आमच्याकडे तोंडाचं काहीही बिघडलं की निदान एकच: तोंड आलंय. तिखट जास्त झालं, जागरण झालं, पोट साफ नाही, की तोंड आलंय. त्यामुळे ह्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन रेडिएशन अर्ध्यावर आलं आणि हे एक दिवस "तोंड आलंय गं" म्हणाले, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. रोज भाजून निघालेल्या तोंडाची आग होणारच. तोंड आलं की जाईचा पाला चावायचा, म्हणून गोडदेव गावात एका जुन्या घराच्या दारात जाईचा वेल आहे, तिथे गेले. घरातल्या म्हातारीनं ओंजळभर पाला तोडून दिला. "ने गं, आता कोन न्हाय चावत," म्हणाली. वर मी चांगला दाट मध आणला. पाला चावून झाला की चमचाभर मध. लाड नुसते!

तरी ह्यांनी जेवण सोडलं. पेज नको, मऊ भात नको, बोलताना तोंडावर रुमाल. एरवी चार माणसांचं एकटे बोलणारे, आता हूं नाही की चूं नाही. त्यात एके दिवशी रेडिएशनलाही गेले नाहीत. मी जाम भडकले. "अहो, खायचं नाही, जायचं नाही, मग करायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत गेले, तर हे दाढीचा आरसा घेऊन जीभ बाहेर काढून उभे. मला बघताच तोंड मिटलं. शेवटी हनुवटी धरून मोबाईलचा टॉर्च मारला. जिभेवर, गालांना आतून, टाळ्याला, सगळीकडे पांढरे चट्टे. पहिल्यांदा कॅन्सरही असाच दिसला होता, गालातला एक पांढरा चट्टा.

"परत आलाय," हे म्हणाले. "आता मला तिकडे नेऊ नकोस. पुरे झालं."

कोण ऐकतंय! भांडत भांडत ह्यांना खाली उतरवलं आणि रिक्षात कोंबलं.

कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी तोंडात बघितलं, ओल्या गॉजच्या पट्टीनं एक चट्टा हळूच पुसला. तो चक्क निघून आला, दुधावरची साय निघावी तसा. खाली लालभडक.

"पहिला चट्टा पुसून जात नव्हता, आठवतंय?" त्या म्हणाल्या. "हा जातोय. हा कॅन्सर नाही, बुरशी आहे. रेडिएशननं लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, मग ही येते. बऱ्याच जणांना येते. औषध तोंडात घोळवून गिळायचं, जाईल."

"बुरशी? लोणच्यावर येते ती?"

"तिचीच चुलत बहीण. घरी काय लावत होता?"

मी मधाचं नाव काढलं मात्र, त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, बुरशीला गोड खाऊ घालत होता तुम्ही!"

मला हसूच फुटलं. लोणच्याच्या बरणीवर बुरशी दिसली की मी अख्ख्या घराला फैलावर घेते. त्या दिवशी तिच्यासाठी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. आली ती आली, पण बुरशीच आली!

परतताना रिक्षा नवघर रोडला अडकली. हे रुमाल खिशात कोंबून माझ्याकडे वळले.

"अगं, कालचं रेडिएशन बुडलं ना. ते शेवटी भरून देतात का? मला एकही सोडायचं नाहीये."

मी रिक्षातच भोकाड पसरलं.