अर्धं आडनाव

डॉक्टर पंचशीला सोनकांबळे निवृत्त झाल्या तेव्हा पुण्याच्या संस्थेत लोकांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. विषाणूंवरच्या लसी, तीस वर्षांचं संशोधन, एवढे पेपर, तेवढे विद्यार्थी. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा! बाईंना शरम वाटत होती, आणि ती काही त्या दिवसाची नव्हती. एकतीस वर्षं जुनी होती.

पंचशीला मूळची देगलूरची. वडील शाळेत शिपाई. धर्मांतरानंतर वर्षाच्या आत लेक झाली, म्हणून हौसेनं नाव ठेवलं पंचशीला. अक्षर ओळखायच्या आधी तिला पाचही शीलं पाठ होती. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. बहात्तरच्या दुष्काळात ती आईबरोबर खडी फोडायला जायची. त्याच उन्हाळ्यात धाकट्या भावाला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पोराचा उजवा पाय लुळा पडलेला. आई म्हणाली, नशीब. पंचशीला म्हणाली, "न्हाई, हे कशानं होतं ते मी हुडकणार." आणि पोरगी बोलल्याप्रमाणे वागली. नांदेडला कॉलेज, औरंगाबादला एमएस्सी, आणि मग पुण्याला पोलिओच्या लशीवर पीएचडी. इथपर्यंत तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

शहाऐंशी साली ती चाकूरजवळच्या एका गावात आली. दुष्काळच होता. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळत. तिला बघायचं होतं ते एवढंच, की अर्धपोटी लेकरांना पोलिओचे थेंब पाजले तर ते लागू पडतात का. महिन्याच्या अंतरानं तीन डोस द्यायचे, मग रक्त घेऊन रोगाशी लढणारी ताकद तयार झाली का ते तपासायचं. भानगड एकच होती. थेंब बर्फात ठेवावे लागत. ते तापले की पाणी पाजल्यातच जमा, आणि कुपीकडे बघून कुणाला काही कळायचं नाही.

लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. जिल्हा नवा, साहेब नवे, पाट्या नव्या. दवाखान्याला फ्रिज मंजूर झाला होता, तो आला नव्हता. गावात फ्रिज एकाच घरी होता, अण्णारावांच्या. शेतीवाडीचं मोठं घर, आणि फ्रिज थेट स्वयंपाकघरात, देवघराला लागून.

अण्णारावांच्या घरच्या सुमनबाईंनी पंचशीलाला चहा दिला, पाटावर बसवलं. लई लाघवी बाई. "ठेवा की लस. लेकरांचंच काम हाय," म्हणाल्या, आणि सहज विचारलं, "आडनाव काय म्हनले तुमी?"

"सोन..." पंचशीलाच्या तोंडून निघालं. पुढे देवघर दिसत होतं, फ्रिज दिसत होता, आणि अख्खं काम त्या फ्रिजवर होतं. तिची जीभ अडखळली.

"सोन काय?"

"सोनटक्के," पंचशीला म्हणाली.

झालं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. खरं नाव सांगितलं असतं तर सुमनबाईंनी हाकललं असतं की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. विचारायची छातीच झाली नाही. अर्धं आडनाव बापाचं, अर्धं भलत्याचंच. बाहेर पडताना तिचे कान तापले होते.

पण एकदा बोललं ते निभवावं लागतं. दवाखान्यात केवळाबाई नावाची आया होती. माहेर देगलूरचं, पंचशीलाच्या आईच्या शेजारचं. पंचशीलाला तिनं कडेवर खेळवलेलं. गावातली लेकरं चावडीवर यायची, तिथं पंचशीला स्वतः थेंब पाजायची आणि अण्णारावांकडून घटकेघटकेला ताजा बर्फ आणायची. ओढ्यापलीकडच्या भीमनगरात केवळाबाई पाजायची. ठरल्याप्रमाणे तिनंही दुपारी येऊन बर्फ न्यायचा होता. ही बाई दारात उभी राहून "सोनकांबळेबाई, ओ सोनकांबळेबाई" अशी हाक मारणार, आणि सगळं उघडं पडणार.

"मावशी, तुम्ही त्या घराकडं येऊ नका," ती म्हणाली. "मीच सकाळी दिवसभराचं भरून देते."

"आन बर्फ इतळला तर?"

"चालतंय तेवढं."

चालत नव्हतं. ते तिच्याइतकं त्या तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं! त्या उन्हात अकरा वाजता डब्यात नुसतं पाणी डुचमळायचं. भीमनगरातल्या बायका खडीच्या कामावरून तीनला यायच्या, मग लेकरांना थेंब मिळायचे. केवळाबाईनं दोनदा निरोप पाठवला, बर्फ संपला म्हणून. पंचशीलानं दोन्ही वेळा उलट निरोप धाडला, उद्या बघू. आणि तो उद्या तीन महिन्यांत उगवला नाही. आपल्याच लोकांच्या लेकरांना तिनं गरम पाणी पाजलं, आपण आपल्याच लोकांतल्या आहोत हे कळू नये म्हणून.

जूनमध्ये रक्त तपासलं. गावातल्या दहांपैकी आठ लेकरांना लस लागली होती, भीमनगरातल्या दहांपैकी तिघांना. तिच्या सरांनी आकडे बघून विचारलं, "भीमनगरची मुलं जास्त कुपोषित असतील, नाही?"

वजनं थोडी कमी होती, हे खरं. पंचशीला म्हणाली, "हो सर."

त्या दोन शब्दांवर तिचा पेपर उभा राहिला. दुष्काळातल्या उपाशी लेकरांना लस कमी लागते, असा निष्कर्ष. दिल्लीत टाळ्या पडल्या, परदेशी जायला मिळालं, पुढची नोकरी मिळाली. त्यानंतर तिनं पुष्कळ चांगलं काम केलं. लस गार ठेवण्याबद्दल तर ती इतकी कडक झाली, की विद्यार्थी मागून हसायचे. हातातला डबा ती दहा वेळा उघडून बघायची. हसणाऱ्यांना काय माहीत!

पुढच्या वर्षी केवळाबाईचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. नात सिंधु, तीन डोस पिलेली, तापानं तिचा डावा पाय गेला. "डाक्टर म्हनले, लेकरू मुळातच कमजोर, आईच्या दुधात सत्त्व नसंल. तुमच्या कागदात बी तसंच हाय म्हनं. आमी सुनेला लई बोललो." ते कार्ड पंचशीलानं फाडलं नाही, उत्तरही दिलं नाही. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच, आणि ती स्वतःला तेच म्हणत राहिली.

निवृत्तीनंतर महिन्याभरात ती त्या गावी गेली. आता गेली, पेन्शन सुरू झाल्यावर, नोकरीला धक्का लागायची भीती संपल्यावर! हे तिचं तिलाही कळत होतं, आणि त्याचीही शरम वाटत होती.

केवळाबाई पंच्याऐंशीच्या पुढची, खाटेवर बसून होती. "कोन? पंचू का गं?" म्हणून तिनं गालावरून हात फिरवला. सिंधु उदगीरला मास्तरीण होती, पायाला कॅलिपर लावून बसनं जाते-येते असं म्हातारी म्हणाली. सून नागुबाई, सिंधुची आई, आत चहा ठेवायला गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पंचशीलानं सगळं सांगितलं. आडनाव, फ्रिज, बर्फ, "हो सर".

केवळाबाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नावाचं मला ठाव होतं."

"काय?"

"सुमनबाईनं मला इचारलं हुतं इहिरीवर. तुमच्या बाई सोनटक्के का गं? म्या म्हनले, हाव, सोनटक्केच. म्हनलं, पोरगी कामून खोटं बोलली आसंल ते तिचं तिला ठाव. आपन कशाला उघडं पाडा? तुझी इज्जत ती आमची इज्जत." तिनं पदरानं डोळे पुसले. "पर थेंब बिघडले हुते, ते न्हाई मला ठाव. माझ्या हातानं पाजले की गं म्या."

पंचशीलानं तिचे पाय धरले. म्हातारीनं ते मागे ओढून घेतले.

"माझे कशाला धरतीस? आगं, तीस वर्सं झाली. त्या नागूला म्या बोलले, तिचा नवरा बोलला, भीमनगर बोललं. आईचंच दूध पांचट म्हनून लेकीचा पाय गेला. तिनं पुन्यांदा लेकरू होऊ दिलं न्हाई, ठाव हाय का तुला? भ्याली ती." मग तिनं आत तोंड करून हाक मारली, "नागे, ये गं हिकडं. सोनकांबळेबाईला तुला कायतरी सांगायचंय."

नागुबाई कपबशा घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, केस पांढरे झालेले. "साखर चालती ना, मॅडम?" तिनं विचारलं.

पंचशीला उठून उभी राहिली. पाठ केलेली वाक्यं होती, तापमान, कुप्या, नमुने. त्यातलं एकही तोंडात येईना.

"नागुबाई," ती म्हणाली, "तुमच्या दुधात काहीच कमी नव्हतं. चूक माझी होती."

नागुबाईनं कपबशा खाली ठेवल्या. चहा बशीत सांडला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"पुन्यांदा म्हना," ती म्हणाली.