गोळी बंद करायचा हुकूम

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायला आले. उजनीच्या पाण्याकाठी त्यांची एक एकर केळी आहे. आठवड्यातून एकदा ते एसटीने एकटे तिकडे जात, मोटर सुरू करत, बांधावर बसत आणि संध्याकाळी परत येत. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त खात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ही फेरी बंद पडली. उठून उभं राहिलं की त्यांना चक्कर यायची. एकदा एसटी स्टँडवर ते मटकन खाली बसले. घोटे इतके सुजत की चपलेचा पट्टा लागेना. वय झालं, असं आम्ही घरच्यांनी ठरवलं आणि त्यांनी यापुढे एकट्याने गावी जायचं नाही, असंही ठरवलं. निर्णय सांगायचं काम माझ्याकडे आलं. अण्णांनी तो उभ्याने ऐकला. “ठीक है,” एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून माझ्याशी फक्त हिंदीत बोलू लागले.

त्यांना औषधं माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळतात. एखादं तिथे नसलं तर तशी चिठ्ठी देतात आणि ते बाहेरून घ्यावं लागतं. बाहेरून म्हणजे सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून, हे अण्णांनी स्वतः नक्की केलं होतं. तिथला मालक त्यांना पाहताच खुर्ची सोडून “जय हिंद, साहेब!” म्हणत असे. गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे केलं की भरलेलं हातात पडे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एक औषधाचं दुकान आहे. ते एक बाई चालवतात. त्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांचा कागद मागितला आणि अण्णांनी ते दुकान सोडलं.

“मी काय चोर हाय?” ते घरी येऊन म्हणाले होते. “गोळीला कागद मागते!”

आई भाजी निवडत होती. “फौजेत बिनकागदाची गोळी देत व्हते का?” तिने मान वर न करता विचारलं.

एका सोमवारी सात रस्त्याचं दुकान बंद निघालं. घरातली पाकिटं संपत आली होती. अण्णांना गल्लीबाहेर एकटं सोडत नसल्यामुळे मी बरोबर होते, आणि मीच त्यांना गल्लीतल्या दुकानात नेलं. बाईंच्या घरी कन्नड बोलतात. वयस्कर माणसाला त्या अज्जा म्हणतात.

“कागद, अज्जा?”

“पाकीट हाय की.”

“पाकिटावर तुमचं नाव कुठं लिहिलंय?”

मी पिशवीतून दवाखान्याचा ताजा कागद काढून दिला. बाईंनी तो वाचला, पाकीट उलटवून पाहिलं आणि पुन्हा कागद वाचला. “घरात आणखी काय काय चालू आहे? सगळा डबा आणा. दवाखान्यातल्या गोळ्यासुद्धा.”

अण्णा निघून गेले. ते परत येणार नाहीत, अशी माझी समजूत होती. ते आले, ते डबा आणि पांढरा टॉवेल घेऊन. टॉवेल काउंटरवर पसरून त्यांनी सगळी पाकिटं एका रेषेत, कडेला कड लावून मांडली. फौजेत तपासणीला सामान असंच मांडत. मग दोन पावलं मागे सरून ते ताठ उभे राहिले.

बाईंनी चष्मा लावला. एकेका पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत त्या पुढे सरकल्या. शेवटी त्यांनी रांगेतली दोन पाकिटं बाजूला काढली.

“ही कुठली?”

“दवाखान्याची.”

“आणि ही?”

“बाहेरची. दवाखान्यात नव्हती, तवा लिहून दिलेली.”

“कंपन्या दोन, नावं दोन. आतलं औषध एकच, अज्जा. ब्लड प्रेशरची गोळी तुम्ही रोज दुप्पट खाताय.”

“दवाखान्यात परत मिळायला लागली, तेव्हा बाहेरची थांबवायची ना!” मी म्हणाले.

“थांबवायचा हुकूम कुणी दिला न्हाय,” अण्णा माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाले.

कोणती बंद करायची, हे बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी दवाखान्याला फोन लावला. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, रक्तदाब तपासला, चक्कर आणि सूज दुप्पट गोळीमुळेच असं सांगितलं आणि बाहेरची गोळी बंद केली. अण्णा खुर्चीतून उठेनात. “लेखी द्या,” म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर ‘बंद’ लिहून सही केली. तो कागद घेऊन अण्णा घरी न येता आधी गल्लीतल्या दुकानात गेले आणि बाईंना दाखवून आले.

सात रस्त्याच्या माणसाबद्दल एवढं नोंदवायला हवं: त्याने दिलेली गोळी अस्सल होती, मुदतीतली होती आणि बिलही प्रत्येक वेळी होतं. त्याने काही विचारलं नाही, एवढंच. मी बातमीदार, माझं उभं आयुष्य लोकांना प्रश्न विचारण्यात गेलं. डब्यात काय आहे, हे मीही विचारलं नव्हतं.

सूज उतरली, चक्कर थांबली. महिन्याभराने डॉक्टरांनी एकट्याने प्रवासाला परवानगी दिली. आता दवाखान्यातून औषधं आणली की अण्णा टॉवेल घेऊन आधी बाईंकडे जातात. त्या दुकानातून बरेचदा ते काहीच विकत घेत नाहीत, आणि बाई तरीही चष्मा लावतात.

“एकदम वाकू नका मोटरीपाशी, अज्जा.”

“येस, मॅडम.”

पहिल्या फेरीच्या सकाळी ते पिशवी घेऊन दारात उभे राहिले. चपलेचा पट्टा नीट लागला होता. मी पाण्याची बाटली दिली.

“केळीला पाणी सोडून येतो,” ते मला म्हणाले. मराठीत.