तीनची लीड आणि फाउलसर

फाउल केला म्हणून शाब्बासकी देणारा शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे खेळाचे शिक्षक फाउल झाला की कपाळाला हात लावतात. आमचे सर उठून टाळ्या वाजवायचे. जाफराबादच्या आमच्या शाळेत आम्ही बास्केटबॉलच्या मुली त्यांना फाउलसर म्हणायचो आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. "म्हना की, मला कायचा राग? फक्त येळेवर करा म्हंजे झालं," असं हसून सांगायचे.

वेळेवर म्हणजे कधी, हे त्यांनी आमच्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं होतं. मॅच संपायला काही सेकंद उरलेत, आपण तीन गुणांनी पुढे आहोत आणि बॉल समोरच्यांकडे आहे. अशा वेळी त्यांनी लांबून रेषेबाहेरून टाकला आणि गेला, तर तीन गुण, म्हणजे बरोबरी. पण टाकायच्या आधीच आपण फाउल केला, तर त्यांना मिळतात दोनच फ्री थ्रो. दोन्ही गेले तरी आपण एकाने पुढेच. "तीनची लीड म्हंजे लीडच न्हाई पोरींनो," सर म्हणायचे. "तिनं हात वर करायच्या आत फाउल पायजे. आन् डोळे बॉलवर ठेवा. पंचाला वाटलं पायजे, ही बिचारी बॉलच मागून राह्यली."

एका मुलीची आई तावातावाने शाळेत आली होती. "माझ्या पोरीला मारामारी शिकवून राह्यले का तुम्ही?" सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाकावर खडूने मैदान काढून सगळा हिशेब समजावून सांगितला. बाई जाताना म्हणाली, "मंग जोरात कर म्हना तिला." पुढे प्रत्येक मॅचला ती माऊली कडेला उभी राहून सगळ्यांत मोठ्याने "फाउल कर, फाउल कर" ओरडायची, आणि तेही कधीही!

पण याच सरांचं दुसरं एक खूळ होतं. पाय लागला की नमस्कार. बॉलला पाय लागला, नमस्कार. कुणा मुलीला लागला, तर वाकून हात लावायचा आणि कपाळाशी न्यायचा, मग ती आपली असो की समोरच्या टीमची. विसरलं की मैदानाला पाच चकरा. "खेळात हात चालतोय, पाय लागला तर माफी मागायची," एवढंच स्पष्टीकरण. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की वर्गात दप्तराला पाय लागला तरी आमचा हात आपोआप खाली जायचा.

आता मैदानाचंही सांगते, कारण मला अजून त्याची चीड येते. शाळेचं सिमेंटचं मैदान एकच, आणि दिवाळीच्या आसपास त्याच्या अर्ध्या भागावर संस्थेच्या अध्यक्षांचं सोयाबीन वाळत पडलेलं. उरलेल्या अर्ध्यात आम्ही खेळायचो. बॉल सोयाबीनमध्ये गेला की अध्यक्षांचा गडी आमच्यावर खेकसायचा. सर काही बोलायचे नाहीत. बोलणार कसे? ते तासिका तत्त्वावर होते, वर्षानुवर्षं. कायम करणं अध्यक्षांच्या हातात. त्या वर्षी अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांसमोर सरांना शब्द दिला की विभागाची ट्रॉफी आणा, तुमचा प्रस्ताव दुसऱ्या दिवशी पुढे पाठवतो. सरांचं वय निघून चाललं होतं. ही मॅच कशासाठी आहे, हे आम्हा प्रत्येकीला माहीत होतं.

फायनल आम्ही गाठली. शेवटचे काही सेकंद, आम्ही तीनने पुढे, बॉल त्यांच्याकडे. अगदी सरांनी शिकवलेला प्रसंग. सरांनी सुजाताला खूण केली. आमच्यात सगळ्यांत चपळ हात तिचा. ती झेपावली, पण समोरची मुलगी वळली, सुजाताचा हात हुकला आणि पाय तिच्या पोटरीला लागला. पंचाची शिट्टी वाजली नाही. आणि आमची सुजाता वाकली. नमस्कार करायला! हात कपाळाशी पोचेपर्यंत त्या मुलीने लांबून बॉल टाकला होता. गेला. बरोबरी झाली, मग जादा वेळेत आम्ही एका गुणाने हरलो.

सर सुजाताला एका शब्दाने बोलले नाहीत. परतीच्या जीपमध्ये ती हुंदके देत होती, तर म्हणाले, "माझंच चुकलं. दोनी गोष्टी मीच शिकवेल हायेत."

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर अध्यक्ष बोलायला उभे राहिले. फाउल करायला शिकवणारा माणूस मुलींवर काय संस्कार करणार, म्हणाले. संस्कार! त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आजही होतो. महिन्याभरात सरांच्या जागी अध्यक्षांचा भाचा आला. त्याला बास्केटबॉलमध्ये किती खेळाडू असतात हेही मुलींना विचारावं लागलं. सुजाताने त्यानंतर बॉलला हात लावला नाही.

बऱ्याच वर्षांनी सर मला जालन्याच्या बसस्टँडवर भेटले. एका स्टील कारखान्याच्या गेटवर कामाला होते, खांदे उतरले होते. मी न राहवून विचारलं, "सर, आपण जिंकलो असतो तर?"

"तर कायबी न्हाई. भाच्याचं आधीच ठरेल होतं. मॅचच्या आठ दिवस आधी क्लार्कनं मला सांगितल्तं."

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही मंग खेळल्या असत्या का बराबर?"

मी तशीच सुजाताच्या घरी गेले. ती आता जालन्यातच नर्स आहे. दारातच तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती रडेल, मोकळी होईल.

"मलाबी सांगितल्तं सरांनी," ती म्हणाली. "हरल्यावर घरी आल्ते, मुद्दाम. सरांचं असंच आहे गं. मला वाईट वाटू नये म्हणून काहीही बोलतील."

मी शपथा घातल्या, क्लार्कचं नाव सांगितलं. ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

मागच्या वर्षी सर गेले. आता तिला पटवून देणारं कुणी उरलेलं नाही.